चौथा कोपरा

गादी भरून झाली की तिचे तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा, ही त्या दुकानाची पद्धत होती. ज्याला त्या गादीवर झोपायचे आहे त्याने स्वतः दुकानात यायचे, चप्पल काढून आडवे व्हायचे, दोन्ही कुशींवर वळायचे आणि कुठे खड्डा लागतो, कुठे गुठळी बोचते ते सांगायचे. मग त्या उघड्या कोपऱ्यातून कारागिराचा हात कोपरापर्यंत आत जाई आणि कापूस इकडचा तिकडे होई. झोपणाऱ्याने 'शिवा' म्हटले, की दाभणाने शेवटचे टाके पडत. त्यानंतर तक्रार ऐकून घेतली जात नसे. आणि त्याआधी, कितीही वेळ गेला तरी, कारागीर कुरकुर करत नसे. 'शिवा' म्हणण्याचा अधिकार झोपणाऱ्याचा होता, पैसे देणाऱ्याचा नव्हता. एकदा एका म्हाताऱ्या बाईची गादी तिचा जावई पसंत करून न्यायला आला, तेव्हा दुकानदाराने त्याला हात हलवत परत पाठवले होते. "तुमच्या पाठीच्या मापाची गादी सासूबाईंना कशी चालेल? त्यांना घेऊन या. तोवर गादी इथे सुखात आहे."

आज हे दुकान ज्या बाईच्या हाताखाली आहे, ती त्या दुकानदाराची एकुलती एक मुलगी. तिच्या बोलण्यात फारसा ओलावा नाही. ती गिऱ्हाइकाला बसा म्हणते, पण हसत नाही. नवख्या माणसाला ती तुसडी वाटते. ती दमलेली असते, इतकेच. आणि हा थकवा तिने पुष्कळ जुन्या ओळखीच्या माणसासारखा घरात ठेवून घेतला आहे, त्याच्याशी भांडणे सोडून दिले आहे. ती सोळा वर्षांची असताना तो पहिल्यांदा आला, तेव्हा घरात कोणालाच त्याचे नाव माहीत नव्हते.

खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मधे इतका अरुंद जिना की गादी वर न्यायची तर तिची गुंडाळी करून दोरीने आवळावी लागे. आई दुकानातच खिडकीशी मशीनवर खोळी शिवत असे. तान्ही असताना मुलगी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात झोपायची, म्हणून बाप तिला 'बोंडू' म्हणत असे. पुढे ती उंच झाली, शाळेत हुशार म्हणून नाव निघाले, तरी नाव बोंडूच राहिले.

आजार कुठल्या दिवशी सुरू झाला हे सांगता येत नाही. आधी तिने वेणी घालणे सोडले. मग हाकेला ओ देणे. मग जेवायला बसल्यावर ताटाकडे पाहत राहण्याचा वेळ वाढत गेला. शेवटी शाळा सुटली, तीही भांडण न होता, नुसती ओघळून गेल्यासारखी. त्या काळाबद्दल तिने नंतर जे सांगितले त्यात दुःखाचा उल्लेख जवळजवळ नाही. दात घासायचे तर उठायला हवे, उठायचे तर पांघरूण सारायला हवे, पांघरूण सारायचे तर हात बाहेर काढायला हवा. आणि हात काढण्याआधीच ती थकून जाई. रडू आले असते तर बरे वाटले असते, असे तिला वाटे. पण रडण्यालाही काही भांडवल लागते.

आत्या भेटायला आली, उंबऱ्यातच थांबली, आणि पलंगाकडे न पाहता पलंगाविषयी बोलली. "अभ्यास नको, दुसरं काय! आमच्या वेळी आजारी पडायलासुद्धा कुणी सवड देत नव्हतं."

"वन्सं, चहा घ्या," आई म्हणाली.

"चहा घेते गं, पण खरं बोलले की तू चहाच पुढे करतेस."

"दुसरं काही पुढे केलं तर भांडण होईल," आई सुईत दोरा ओवत म्हणाली.

शाळेतल्या बाईंनी डॉक्टरचे नाव सुचवले. मनाच्या आजारांचे डॉक्टर सरकारी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत बसत. त्यांच्या टेबलावरचा पंखा फिरताना दर फेऱ्याला एक कागद उडवी आणि ते न पाहता तो हाताने दाबून धरत. बाप मुलीला घेऊन गेला. डॉक्टरांनी मुलीला विचारले आणि उत्तरे बापाने दिली.

"झोप लागते?"

"लागते म्हणजे काय! झोपूनच असते."

"मी तिला विचारतोय. सकाळी लवकर जाग येते का?"

"उठतच नाही हो ती. जाग येऊन काय उपयोग?"

"कशात मन लागतं?"

"पूर्वी लागायचं सगळ्यात," बाप म्हणाला.

मुलगी त्या सबंध वेळात बापाच्या अंगठ्याकडे पाहत होती. दाभण रेटून रेटून त्याला घट्टा पडला होता. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या लिहून दिल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील असे बजावले; बरे वाटले तरी आपल्या मनाने बंद करू नका, हेही दोनदा सांगितले. घरी येईपर्यंत बापाच्या डोक्यात त्यातला एकच शब्द उरला होता, तो म्हणजे झोप.

प्रत्येक व्यवसाय आपल्या माणसांना आजाराची एक उपपत्तीही पुरवत असतो. तीस वर्षे पाठदुखी, उसण, अंग मोडून येणे, रात्री कूस सापडत नाही अशा तक्रारी घेऊन आलेली माणसे त्याने गाद्या भरून परत पाठवली होती आणि त्यांतली बहुतेक सुधारून हसतमुखाने भेटली होती. झोपेचे दुखणे गादीत असते आणि गादीचे दुखणे कापसात, या क्रमावर त्याचा विश्वास होता. मुलगी गादीवरून उठत नाही, याचा त्याने काढलेला अर्थ म्हणूनच मूर्खपणाचा नव्हता. फार तर एकाच खिडकीतून पाहिलेला होता.

त्याने तिची गादी खाली नेली, उसवली, कापूस झोडून उन्हात टाकला, पुन्हा पिंजला आणि नवा मऊ कापूस घालून भरली. तीन कोपरे शिवून चौथा उघडा ठेवला. तेवढे दिवस ती जमिनीवर चटईवर पडून होती. तिला फरक कळला नाही.

"झोप बघू. कशी वाटते?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे? डाव्या कुशीवर वळ. खांद्याखाली?"

"काही नाही."

"कमरेला आधार मिळतोय?"

"मिळतोय."

"मग उठत का नाहीस गं?"

तेव्हा गादी फार मऊ झाली असावी, असे ठरले. तो ती पुन्हा खाली घेऊन गेला, कापूस दाबून भरला, टाके जवळजवळ घातले. मग फार कडक झाली असावी म्हणून वरचा थर बदलला. दुकानातली गिऱ्हाइकांची कामे मागे पडली. "काका, आमची गादी कधी? आता मांजर तिच्या जागी पिल्लं घालून बसलंय," असे एकजण बाहेरूनच ओरडून गेला. बाप हसला नाही. त्याच्या भुवयांवर आणि कानांवर कायम कापूस बसलेला असे, आणि जिन्यावरून त्याचा खोकला तो वर पोहोचण्याआधी पोहोचे.

"अहो, त्या कापसाने काय घोडं मारलंय तुमचं?" आईने एकदा विचारले.

"ती अजून 'शिवा' म्हणाली नाहीये," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने हे पूर्ण उत्तर होते.

शेवटी मुलगी 'शिवा' म्हणाली. गादी पाचव्यांदा वर आली की सहाव्यांदा, हे तिला आठवत नाही. आठवते ते असे, की बापाने हात आत घातला तेव्हा त्याच्या अंगठ्याला पडलेली भेग तिला दिसली, आणि त्यातले रक्त खोळीला लागू नये म्हणून त्याने त्यावर बांधलेली चिंधी सरकली होती. तिला त्याची दया आली. पण दयेपेक्षाही मोठी गोष्ट अशी, की कोणी काही विचारू नये, एवढीच त्या वेळी तिची इच्छा होती, आणि या घरात प्रश्न थांबवणारा एकच शब्द होता. तिने तो वापरला.

बापाने दुहेरी दोरा घेतला. इतके एकसारखे टाके त्याने क्वचितच घातले असतील. आईला हाक मारून त्याने ते दाखवले. त्या आठवड्यात ती मुलगी उठली, वेणी घालून खाली आली, दुकानात बसून उसवलेल्या खोळींचे दोरे ओढत राहिली. खोटे बोलल्यानंतर ते खरे करून दाखवण्याची जबाबदारी तिच्यावर पडली होती. आत्या आली आणि म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" तिने काय म्हटले होते ते कोणी विचारले नाही.

गोळ्या संपल्या. नव्या आणायची वेळ आली तेव्हा बाप म्हणाला, "आता कशाला? कोपरा शिवला की."

"डॉक्टरांनी मधेच सोडू नका म्हणून सांगितलंय," आई म्हणाली.

"अगं, ती स्वतः म्हणाली. झोपणाऱ्याच्या शब्दावर मी माझा शब्द कसा ठेवू?"

झोपणाऱ्याचा शब्द अखेरचा, हा त्याचा नियम उदार होता, आणि याच उदारपणाने त्या वेळी सर्वांत मोठी चूक केली. आईला ते पटले नव्हते, पण घरात बऱ्याच दिवसांनी कोणी शिट्टी वाजवत जिना उतरत होते. ती गप्प राहिली.

बरे असल्याचे सोंग मुलीने जमेल तितके ओढले. मग एका सकाळी ती उठली नाही, दुसऱ्या सकाळीही नाही, आणि या वेळची पडझड पहिलीपेक्षा खोल होती. कारण आता तिच्यावर एका खोट्याचे ओझेही होते. बाप विचारायला आला की ती तोंड भिंतीकडे करून "जरा डोकं दुखतंय" म्हणे. शिवलेल्या गादीवर तक्रार करता येत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

एका दुपारी आई तिचे केस विंचरत होती. गुंता पुष्कळ होता. मुलगी भिंतीकडे पाहत म्हणाली, "आई, उद्या जाग आली नाही तर बरं होईल, असं मला रोज वाटतं."

आईचा हात थांबला. मग तो पुन्हा चालू लागला. तिने गुंता सोडवला, वेणी पुरी केली, टोकाला रिबीन बांधली. अर्धी वेणी टाकून उठले तर पोर घाबरेल, असे तिला वाटले. आणि मग विचारले, "नुसतं वाटतं, की काही करावंसंही वाटतं?"

"कधीकधी करावंसं वाटतं."

"बरं झालं सांगितलंस." आईचा आवाज तिच्या स्वतःच्या ओळखीचा नव्हता. "चल, माझ्याबरोबर खाली चल. तुला एकटीला ठेवणार नाही मी."

तिचा हात धरून आई खाली आली आणि दुकानातल्या कात्र्या, सुऱ्या, दाभणे, घरातली इतर औषधे असे सगळे तिने लोखंडी कपाटात टाकले, कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली. बाप कोणाच्या तरी पलंगाचे माप घ्यायला बाहेर गेला होता. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं, ते मी ठरवलंय," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर ते पुन्हा गादी उसवतील. त्यांना झोपणाऱ्याचंच ऐकू येतं. तुला जमेल का? नाही जमलं तर मी आहेच."

मुलगी कापसाच्या पोत्यावर बसून राहिली. बाहेर ऊन उतरायला लागले होते. बाप आला, त्याने अर्धवट राहिलेली एक गादी ओढली, उघड्या कोपऱ्यातून हात आत घातला आणि दुसऱ्या हाताने फळीवर चाचपडू लागला.

"कात्री कुठंय? या घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी मिळेल तर शपथ!"

"आईने कपाटात ठेवलीय," मुलगी म्हणाली.

"कपाटात? कात्रीला काय दागिना समजते की काय ती?"

"माझ्यामुळे ठेवलीय, बाबा."

त्याला कळले नाही. त्याने आईकडे पाहिले. आई मशीनवर बसली होती आणि मशीन बंद होते.

"मी 'शिवा' म्हणाले ना, ते खोटं होतं."

त्याचा हात गादीतच राहिला. तो म्हणाला, "कुठे बोचते?"

"गादी बोचत नाही हो. इतकी चांगली गादी कुणाकडे नसेल. पण तिच्यावरून मला उठवत नाही. मला जगावंसंच वाटत नाही, बाबा. तुम्ही कितीदाही भरलीत तरी त्याने ते जाणार नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमच्या अंगठ्याला भेग पडली होती."

बापाने हात बाहेर काढला आणि अंगठ्याकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "अगं, हा रोजच फुटतो," तो म्हणाला. "हा धंद्याचा आहे. ह्याच्यासाठी तू..." तो उठला, आईसमोर जाऊन उभा राहिला. "कात्री दे. तूही चल वर. बोंडू, तूही."

वरच्या खोलीत त्याने तिच्या गादीच्या चौथ्या कोपऱ्याचा दुहेरी दोरा एका टोकाला कापला आणि एकेक टाका ओढून काढला. कात्री आईच्या हातात परत दिली. "कुलूप लाव." मग उघड्या कोपऱ्यापाशी जमिनीवर बसकण मारली.

"काम झालेलं नाही. एवढंच ना?" तो म्हणाला. "न झालेल्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. तू पण वाटून घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी तिघेही दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कागद हाताने दाबत विचारले, "काय, कशी आहे आता?" बापाने सवयीने तोंड उघडले, आणि मिटले. "मला काय विचारता," तो म्हणाला. "झोपणारीला विचारा." डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नसावा; तरी ते मुलीकडे वळले. बाप उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आत ती किती वेळ बोलत होती, काय बोलत होती, हे त्याने पुढेही कधी विचारले नाही.

यानंतर जे झाले त्याला सांगण्यासारखा आकार नाही. गोळ्या नव्याने सुरू झाल्या. त्यांनी तोंड कोरडे पडे, अंग जड होई, आणि एक गोळी बदलावी लागली. दर आठवड्याला जाऊन बोलावे लागे, आणि बोलून आल्यावर ती दिवसभर झोपून राही. शाळेचे वर्ष गेले. वाईट दिवस मधेच परत येतील, त्यांना घाबरू नको, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते; ते सांगितल्याप्रमाणे येत. आईच्या कमरेची किल्ली पुष्कळ महिने तिथेच राहिली, आणि त्या महिन्यांत आई कोणाच्या घरी राहायला गेली नाही.

बदल झाला तो सकाळच्या प्रश्नात. बाप पूर्वी "बरी आहेस ना?" असे विचारत असे, ज्याला होकाराखेरीज उत्तर नसते. आता तो दारातून विचारी, "कोपरा?"

"उघडाच."

"बरं," म्हणून तो जिना उतरून जाई. समजूत काढत नसे, उसासा सोडत नसे. खोटे बोलण्याची गरज उरली नाही, की माणसाची केवढी शक्ती वाचते, हे तिला हळूहळू कळत गेले. त्या वाचलेल्या शक्तीतून ती एखाद्या दिवशी म्हणू लागली, "उघडाच आहे, पण आज आंघोळ करते."

उघड्या कोपऱ्यातून कापूस सांडे. आई रोज झाडे आणि रोज बोले. "या बापलेकींच्या नादाने माझ्या घरात कापूस पिकतोय. उद्या इथे नांगर घालावा लागेल."

आत्याला ते ओंगळ दिसले. "अजून शिवली नाही ही गादी? चार माणसं येतात, बघतात. शिवून टाका एकदाची."

"ताई," बाप म्हणाला, "तुझी पाठ आहे का तिच्यावर?" आत्याने चहा न घेता जायची तयारी केली, आणि मग घेऊन गेली.

आशा कशी आली, हे विचारले तर ती आजही एक फारच क्षुल्लक प्रसंग सांगते. ती दुकानात पोत्यावर बसली होती आणि बाप एका गादीच्या काठाला टाके घालत होता. त्याची नजर तेव्हा मंदावू लागली होती. एक टाका तिरका गेला, मग दुसरा, आणि तिला राग आला. साधा, कोरडा, धडधाकट राग. कित्येक महिन्यांत तिला कशाचाच राग आला नव्हता.

"वाकडं जातंय ते," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं काय! आंधळ्यालासुद्धा दिसेल."

बाप थांबला. रागाऐवजी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते पाहून तिला अवघडल्यासारखे झाले. "मग तू घाल," तो म्हणाला, आणि मशीनकडे वळून, "अगं, हिला एक दाभण काढून दे." आईने क्षणभर मुलीकडे पाहिले, कपाट उघडले, एक दाभण दिले, आणि काम होईपर्यंत ती समोर बसून राहिली. टाके सरळ आले. ती मग वर जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत झोपली. पण तो राग झोपेनंतरही थोडा शिल्लक होता.

डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या आणि एके दिवशी शेवटचा कागद लिहिताना म्हणाले, की आता गरज वाटली तरच या. पण गरज वाटली तर मात्र नक्की या. त्या संध्याकाळी बाप दाभण आणि दोरा घेऊन जिना चढला. तो कोपऱ्याशी बसला. ती गादीवर आडवी झाली. डाव्या कुशीवर वळली, उजव्या कुशीवर वळली, आणि पाठीवर येऊन छताकडे पाहत राहिली. तिला घाई नव्हती आणि त्यालाही नव्हती.

"कच्चा टाका घाला," ती म्हणाली.

"कच्चा?" त्याने चौथ्या कोपऱ्याला कच्चा टाका आयुष्यात घातला नव्हता. "ओढला की निघेल तो."

"म्हणूनच."

त्याने थोडा विचार केला. मग लांब लांब, सैल टाके घालायला सुरुवात केली. शेवटी दोरा तोडायला कात्री लागली, तेव्हा मुलगी उठली आणि खाली गेली. किल्ली आता कमरेला नसे. कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेली असे. आई मशीनवर होती. कुलूप उघडल्याचा आवाज झाला तशी तिने मान वर केली, मुलगी कात्री घेऊन जिना चढते आहे हे पाहिले, आणि पुन्हा मान खाली घालून ती शिवण पुढे सरकवू लागली.